आधी लघवी, मग पाय

स्पायनल वॉर्डातल्या माझ्या पहिल्या राऊंडला आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्या खाटेजवळ थांबून विचारलेले प्रश्न असे होते: रात्री नळी किती वाजता घातली? किती मिली निघालं? संडास कधी झाली, किती वेळ लागला? कुल्ल्यांवर, टाचांवर कुठे लाली? ताप? पुढच्या खाटेला तेच प्रश्न, त्याच्या पुढच्या खाटेलाही तेच. पायांबद्दल कुणी काही विचारत नव्हतं. आणि खाटेवरचा प्रत्येक माणूस, त्याच्या उशाशी उभी असलेली बायको, आई, भाऊ, सगळे पायांकडे बघत होते.

मी एमडीला फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन घेतलं आहे. आम्ही त्याला पीएमआर म्हणतो. तीन वर्षांच्या या शिक्षणात पाय कापावे लागलेले, पक्षाघाताचे, सेरेब्रल पाल्सीची मुलं असे सगळेच पेशंट येतात. पण मज्जारज्जूला इजा झालेल्यांचा वॉर्ड सगळ्यात अवघड, असं सीनियर सांगायचे. अवघड म्हणजे मेंदू-मज्जारज्जूची शरीररचना अवघड, अशी माझी समजूत. कुठला तंतू कुठे बाजू ओलांडतो ते पुन्हा घोकून मी आले होते. त्याचा उपयोग झाला, पण बराच नंतर. आधी हातात आलं ते लघवी मोजायचं प्लॅस्टिकचं भांडं.

मग तपासणीचा कागद आला. त्याला सगळे ‘एशिया चार्ट’ म्हणतात. त्यावर माणसाच्या शरीराचं चित्र असतं आणि शरीराच्या प्रत्येक बाजूला २८ ठरलेल्या जागा. प्रत्येक जागी आधी कापसाची बट, मग सेफ्टी पिन. पेशंटने डोळे मिटायचे. आधी गालावर टोचून दाखवायचं आणि विचारायचं, “हे जसं टोचलं तसंच इथे टोचतंय का?” तसंच वाटलं तर २, कमी किंवा वेगळं वाटलं तर १, काहीच नाही तर ०. नंतर प्रत्येक बाजूचे दहा स्नायू, ० ते ५ अशा मापाने. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात पेशंट म्हणतो, “कळतंय.” काय कळतंय? हात लागल्याचं कळतंय, की टोचल्याचं? टोक आणि बोथट बाजू उलटसुलट लावत राहायचं आणि त्याची उत्तरं बरोबर येतात का ते पाहायचं. माणूस आशेने “हो” म्हणत असतो. त्याच्या आशेला धक्का न लावता खरं उत्तर काढून घ्यायचं, हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं.

तपासणीचा शेवटचा भाग गुदद्वाराचा. तिथल्या कातडीला स्पर्श आणि टोचणं कळतं का, आत बोट घातल्यावर दाब कळतो का, “संडास रोखून धरा” म्हटल्यावर बोटाभोवती काही आवळतं का. पहिल्यांदा करताना मला संकोच वाटला, पेशंटला तर त्याहून जास्त. पण सगळा निकाल इथे लागतो. मज्जारज्जूचे सगळ्यात खालचे भाग म्हणजे चौथा-पाचवा सेक्रल. तिथला निरोप मेंदूपर्यंत पोचत असेल किंवा मेंदूचा हुकूम तिथवर उतरत असेल, तर इजा झालेल्या जागेतून निदान एखादी वाट चालू आहे. मग ती इजा ‘इनकम्प्लीट’. काहीच नसेल तर ‘कम्प्लीट’, म्हणजे ए ग्रेड. बी, सी, डी या त्याच्या वरच्या पायऱ्या, आणि सगळं पूर्ववत झालं तर ई. बाहेरून दोन माणसं अगदी सारखी दिसतात, दोघांचेही पाय हलत नाहीत. पण एकाला त्या जागी सुई टोचलेली कळते, दुसऱ्याला नाही. पहिल्याच्या बाबतीत चालण्याची आशा कितीतरी जास्त असते. माणसाच्या पुढच्या आयुष्याबद्दल बोलण्याआधी जिथे बघावं लागतं ती जागा ही, हे मला पटायला वेळ लागला.

दुसरा धक्का मणक्यांच्या क्रमांकांचा. वॉर्डात विहिरीत सूर मारून मान मोडलेला एक कॉलेजातला मुलगा होता. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं होतं, डोकं तळाला आपटलं. त्याची लेव्हल सी ६, म्हणजे मानेतली सहावी. सी ५ असती तर कोपर वाकवता आलं असतं, मनगट नाही. सी ६ ला मनगट वर उचलता येतं. सी ७ असती तर कोपर सरळ ताणता आलं असतं आणि हातांवर भार देऊन खाटेवरून व्हीलचेअरवर सरकणं पुष्कळ सोपं झालं असतं. एकेक लेव्हल म्हणजे बोटाच्या पेराएवढं अंतर. तेवढ्यावर ठरतं, घास स्वतः तोंडात घालायचा की दुसऱ्याने भरवायचा.

त्याचा मामा फार मायेचा माणूस. रोज सकाळ-संध्याकाळ भाच्याची बोटं सरळ ताणून, मनगट मागे वाकवून व्यायाम देई. आमच्या ओटीच्या ताईंनी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्टनी, त्याला हळूच थांबवलं आणि मुलाला म्हणाल्या, “मनगट वर उचल.” त्याने उचललं, आणि निर्जीव पडलेली बोटं आपोआप आत वळली, अंगठा तर्जनीच्या बाजूला टेकला. मनगट सोडलं, बोटं उघडली. बोटांच्या शिरा किंचित आखूड राहिल्या तर मनगटाच्या जोरावर ही पकड मिळते. त्या पकडीत चमचा, पेन, मोबाईल धरता येतो. शिरा पूर्ण ताणून लांब केल्या की ती पकड गेली, आणि पुन्हा काही ती येत नाही. म्हणून मनगट मागे नेताना बोटं वळलेलीच ठेवायची, आणि बोटं सरळ करताना मनगट खाली सोडायचं. मामांनी ते दोनदा करून दाखवलं. मी तिसऱ्या बाजूला उभी राहून तेच शिकत होते. सगळा सांधा पूर्ण फिरवा हे मी प्रत्येक पेशंटच्या बाबतीत खरं मानत आले होते. इथे थोडा आखडलेपणा जपून ठेवायचा होता.

पलीकडच्या खाटेवर रत्नागिरीकडचे एक काका होते. आंबे काढताना फांदी मोडली. डी १०, म्हणजे पाठीतली दहावी लेव्हल, कम्प्लीट. आमच्या वॉर्डात झाडावरून, परांचीवरून, विहिरीत पडलेले पुष्कळ येतात, आणि मोटरसायकलवाले तर आहेतच. काकांची बायको एके दिवशी धावतच ड्युटी रूममध्ये आली. “डॉक्टर, पाय हलला! ह्यांचा पाय हलला!” मी गेले. पांघरूण काढताना खरंच उजवा गुडघा झटक्याने वर आला आणि थरथरत राहिला. आजूबाजूच्या खाटांवरचे लोक माना वळवून बघत होते. काकांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मॅडम आल्या. त्यांनी काकांना सांगितलं, “आता तुम्ही स्वतः हलवा.” काका सगळा जीव लावून प्रयत्न करत होते, गळ्याच्या शिरा फुगल्या. पाय हलला नाही. मॅडमनी तळव्यावरून किल्लीचं टोक फिरवलं, पाय पुन्हा झटक्याने वर आला. इजेनंतर काही आठवडे इजेखालचा मज्जारज्जू गप्प असतो, पाय लुळे पडलेले असतात. मग तो जागा होतो, पण मेंदूशी नातं तुटलेलं असतं. स्पर्श झाला की आपला आपणच स्नायू आवळतो. आकडी म्हणून लोक घाबरतात, नाहीतर सुधारणा म्हणून हरखतात. हे काकांच्या बायकोला कसं सांगायचं? मॅडम खुर्ची ओढून बसल्या. उभ्याने त्या असं काही कधी सांगत नाहीत. आधी तिलाच विचारलं, “तुम्हाला आधीच्या डॉक्टरांनी काय सांगितलंय?” ती म्हणाली, “ऑपरेशन चांगलं झालं म्हणाले. व्यायामाने होईल म्हणाले. चालतील ना हो हे?”

“पायांत ताकद परत यायची शक्यता फार कमी आहे,” मॅडम म्हणाल्या. थांबल्या. बराच वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, “पण हे घरी जातील. बसतील, स्वतःचं स्वतः आवरतील, कामही करतील. त्यासाठी आपल्याला काही गोष्टी शिकायच्यात, तुम्हाला आणि त्यांना. लघवीपासून सुरुवात करू.”

ती रडली. तोंड धुऊन आली आणि म्हणाली, “आमच्या घराला सात पायऱ्या आहेत, जांभ्याच्या.”

लघवीपासूनच का, हे मला तोवर समजलं नव्हतं. ते या दुखण्याच्या इतिहासातून कळतं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका इजिप्शियन पपायरसात मान मोडून हातपाय गेलेल्या माणसाचं वर्णन आहे आणि वैद्याने यावर उपचार करू नयेत असा सल्ला आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत परिस्थिती फारशी निराळी नव्हती. मज्जारज्जूला जखम झालेले सैनिक बहुतेक मरत. मरत ते मूत्रपिंडं सडून आणि पाठीवरच्या जखमा चिघळून. पाय न चालल्याने कुणी मेला नाही. १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलला लुडविग गुटमान यांनी या जखमींसाठी वॉर्ड उघडला. नाझींमुळे जर्मनी सोडून आलेला हा ज्यू डॉक्टर. त्यांनी केलं ते एवढंच, की दर दोन तासांनी, रात्रंदिवस, प्रत्येकाची कूस बदलायची, लघवी तुंबू द्यायची नाही, संसर्ग होऊ द्यायचा नाही, आणि माणसाला अंथरुणात पडू द्यायचं नाही. लोक जगायला लागले. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी १६ पेशंटांची व्हीलचेअरवरची तिरंदाजी भरवली. आजच्या पॅरालिंपिकचं मूळ तिथे आहे. मुंबईत हाजीअलीला या विषयाची केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून आहे, सैनिकांसाठी खडकीला पॅराप्लेजिक केंद्र आहे. तरीही मला स्वतःला एमबीबीएस होईपर्यंत ही शाखा आहे हे जेमतेम ठाऊक होतं. मग तालुक्याच्या गावात काकांच्या बायकोला ते कुणी सांगावं?

काका आमच्याकडे आले तेव्हा माकडहाडावर मुठीएवढी जखम होती आणि ऑपरेशनच्या वेळी घातलेली लघवीची नळी तशीच होती. ऑपरेशन नीटच झालं होतं, स्क्रू जागच्या जागी होते. पण त्यांना कुशीवर वळवायचं असतं हे घरी कुणी सांगितलं नव्हतं. मला याचा राग येतो. जी जखम होऊ न देण्यासाठी दोन तासांनी दोन मिनिटं पुरतात, ती भरायला महिने जातात, आणि ती भरेपर्यंत माणूस बसू शकत नाही, म्हणजे शिकू शकत नाही.

तर लघवी. आमच्याकडे शिकवतात ती पद्धत १९७२ मध्ये अमेरिकेत मिशिगनला जॅक लॅपिडेस यांनी मांडली. नळी कायमची ठेवायची नाही. चार ते सहा तासांनी घालायची, मूत्राशय रिकामं करायचं, काढायची. त्या काळी लोकांना धक्का बसला तो पुढच्या भागाचा: ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक काही लागत नाही, हात आणि नळी स्वच्छ धुतलेली असली की चालतं. कारण मूत्राशय फुगून ताणलेलं राहणं हे चार जंतूंपेक्षा जास्त घातक. एका वेळी ५०० मिलीच्या वर जाऊ द्यायचं नाही. त्यासाठी पाणी किती आणि कधी प्यायचं याचं वेळापत्रक, वही, भांडं.

काकांना हे शिकवायची जबाबदारी माझ्यावर आली. हात साबणाने धुणं, नळीला जेली लावणं, जोर न करता ढकलणं. ते म्हणाले, “बायकोला शिकवा, मला नको.” त्यांचे हात उत्तम होते, झाडावर चढणारे हात. मॅडमनी मला बाजूला घेतलं. बायको करेल, पण मग ती घरातून चार तासांच्या वर बाहेर जाऊ शकणार नाही. कामाला, बाजाराला, माहेराला, कुठेच नाही. हे मी काकांना सांगितलं, अगदी याच शब्दांत. त्यांनी हात पुढे केला आणि नळी घेतली.

विहिरीत सूर मारलेल्या त्या मुलाच्या बाबतीत मी पहिल्यांदा खरोखर घाबरले. एका दुपारी तो म्हणाला, डोकं फुटतंय. चेहरा लाल, कपाळावर घाम, खाली पाय मात्र गार, कोरडे. नाडी मंद. बीपी १५०. एरवी मला १५० ने धावपळ करावीशी वाटली नसती, पण त्याचा नेहमीचा बीपी ९० असायचा. मानेची इजा झालेल्यांचा तेवढाच असतो. आमच्या सीनियर रेसिडेन्टने औषधाच्या ट्रॉलीकडे पाहिलंही नाही. त्याने खाटेचं डोकं उभं केलं, पाय खाली सोडले, कपडे सैल केले आणि त्याला तेव्हा लावून ठेवलेली लघवीची नळी वरपासून खालपर्यंत चाचपत गेला. मांडीखाली ती दुमडली होती. सरळ केल्याबरोबर पिशवीत धार लागली. काही मिनिटांत बीपी उतरला. डोकेदुखी गेली.

याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. डी ६ किंवा त्याच्या वरची इजा असली की होतो. मूत्राशय भरलं, संडास अडकली, पायाचं नख रुतलं, माणसाला कळत नाही, पण इजेखालच्या मज्जारज्जूला कळतं आणि तो रक्तवाहिन्या आवळून टाकतो. बीपी वर चढतो. मेंदू ‘सैल करा’ म्हणून सांगत राहतो, पण ते खाली पोचत नाही. वेळेवर कारण सापडलं नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आणि ही अवस्था न पाहिलेला डॉक्टर साहजिकच काय करेल? डोकेदुखीची गोळी देईल आणि आडवं पडायला सांगेल. आडवं पडल्याने बीपी आणखी चढतो.

दुखणं नसणं हे किती धोक्याचं, हे मी इथे शिकले. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या हातापायांबद्दल तेच दाखवून दिलं होतं. बोटं झडतात ती रोगाने कुजून नव्हे. वेदना नसल्याने माणूस तेच हातपाय पुन्हा पुन्हा जखमी करत राहतो. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या डॉ. मेरी वर्गीस यांना १९५४ मध्ये अपघातात पॅराप्लेजिया झाला, म्हणजे कमरेखालचं शरीर लुळं पडलं. व्हीलचेअरवर बसून त्यांनी कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, नंतर न्यूयॉर्कला जाऊन हीच आमची शाखा शिकल्या, आणि १९६६ मध्ये वेल्लोरला पुनर्वसनाची संस्था उभी राहिली. त्यांच्याबद्दल वाचल्यापासून मी काकांच्या हातात आरसा देताना वेगळ्या गांभीर्याने देते. लांब दांड्याचा आरसा, रोज सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या बैठकीची कातडी बघायला. व्हीलचेअरवर बसलं की दर पंधरा-वीस मिनिटांनी छाती मांडीकडे नेऊन पुढे वाकायचं, मिनिट-दोन मिनिटं तसंच राहायचं. सुरुवातीला मोबाईलचा अलार्म लावून देतो.

काही गोष्टी कुणी विचारत नाही, म्हणून आपणच काढायच्या असतात. काकांच्या बायकोने वॉर्डाबाहेर, पाठमोरी उभी राहून, अर्धं वाक्य बोलून सोडून दिलं. नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल होतं ते. मी तिच्याहून कितीतरी लहान, लग्न न झालेली. पण सांगितलं. काय शक्य असतं, कुठली औषधं असतात, आधी लघवी रिकामी करून घ्यायची. बायकांच्या बाबतीत मासिक पाळी काही महिन्यांत परत येते आणि त्यांना मूल होऊ शकतं, हेही आमच्या वॉर्डातल्या तरुण मुलींना सांगावं लागतं. त्यांच्या सासरचे लोक तोवर वेगळा विचार करायला लागलेले असतात.

मुलाने मोबाईलवर ‘चंदू चॅम्पियन’ हा मुरलीकांत पेटकरांवरचा चित्रपट पाहिला होता. पेटकर सांगली जिल्ह्यातले, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले, १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक. त्याने मला विचारलं, “त्यांची लेव्हल काय होती?” वॉर्डात राहून मुलं असंच बोलायला लागतात. मी म्हटलं, त्यांचे हात पूर्ण चांगले होते, तुझं वेगळं आहे. सीनियरने त्याला व्हीलचेअर रग्बीचे व्हिडिओ दाखवले. मानेची इजा झालेल्यांसाठीच १९७० च्या दशकात कॅनडात विनिपेगला काढलेला खेळ, चेअरवर चेअर आदळतात. आई बघून घाबरली, मुलगा रात्री उशिरापर्यंत बघत बसला.

काका घरी गेले. सात पायऱ्यांच्या बाजूने गावातल्या गवंड्याने उतार केला, त्याचा चढ किती ठेवायचा ते ओटीच्या ताईंनी कागदावर काढून दिलं होतं. प्लॅस्टिकच्या खुर्चीला भोक पाडून संडासची सोय केली. परवा ओपीडीत वही घेऊन आले. पावसाळ्यात घाम कमी, लघवी जास्त, म्हणून त्यांनी स्वतःच एक वेळ वाढवली होती, आकडे अगदी बरोबर. त्यांना हव्या त्या मापाची नळी तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, रत्नागिरीहून मागवावी लागते. त्या दुकानदाराच्या नावे मी चिठ्ठी लिहून दिली.

मुलाचा डिस्चार्ज या आठवड्यात आहे. त्याच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांसाठी मी एक कार्ड लिहितेय. पहिल्या मसुद्यात मी आजाराची सगळी कारणमीमांसा लिहिली होती, मॅडमनी ती काढायला लावली. आता वर मोठ्या अक्षरात लिहिलंय: याचा नेहमीचा बीपी ९०/६०. डोकं दुखून बीपी ११० च्या वर गेला तर झोपवू नका, बसवा. कपडे सैल करा. लघवीची नळी दुमडली आहे का, तुंबली आहे का पाहा. मग संडास. मग कातडी, नखं. तरीही बीपी १५० च्या खाली येत नसेल तर औषध द्या आणि आम्हाला फोन करा. खाली वॉर्डाचा नंबर. कार्ड लॅमिनेट करून चार प्रती काढायच्या आहेत: एक व्हीलचेअरच्या खिशात, एक आईकडे, एक मामांकडे, आणि एक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावायला.